'निर्लेखनास पात्र': नाशिकच्या एका सरकारी बंगल्याचं प्रकरण

प्रस्ताव पानभराचाच होता, पण त्याचा जीव दोन ओळींत होता: इमारत जीर्ण झाली आहे, दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही, सबब निर्लेखनास पात्र, म्हणजे सरकारी नोंदीतून काढून पाडून टाकण्याजोगी. सोबत स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि मोबाइलवर काढलेले फोटो. प्रत्येक फोटोत एकच गोष्ट होती, बाथरूमच्या छतातून पडलेला काँक्रीटचा पोपडा आणि आतून डोकावणारी गंजकी सळई.

बंगला नाशिकच्या जुन्या गावाबाहेर, त्र्यंबक रोडच्या बाजूला. एका खात्याच्या जिल्हास्तरीय अधिकाऱ्याचं ते शासकीय निवासस्थान. खात्याचं नाव देत नाही आणि नेमका पत्ताही देत नाही. तिथे राहणाऱ्या साहेबांनी फाईल सहीसाठी आली तेव्हा ती बाजूला ठेवली आणि दुसरं मत मागवलं. ते काम आमच्याकडे आलं. साहेबांचं म्हणणं साधं होतं: "बाथरूम पडतंय हे खरं आहे. पण बैठकीच्या खोलीत मला एक भेगही दिसत नाही. मग अख्खा बंगला का पाडायचा?" या प्रकरणाचं अर्धं उत्तर त्या प्रश्नातच होतं. उरलेलं अर्धं शोधायला इमारतीचा इतिहास उकलावा लागला.

आधी बंगला नजरेसमोर आणू. पुढे पोर्च, त्यामागे रुंद व्हरांडा, मग मधोमध उंच दालन आणि दोन्ही अंगांना झोपायच्या खोल्या. प्रत्येक झोपायच्या खोलीला कपडे बदलायची छोटी खोली आणि तिला लागून न्हाणीघर. जोतं कमरेइतकं उंच, काळ्या पाषाणाच्या घडीव चिऱ्यांचं. भिंती दोन फुटी, चुन्यात बांधलेल्या. वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे लाकडी सांगाडे, आणि मंगलोरी कौलं. मधल्या दालनाचं छप्पर व्हरांड्याच्या छपरापेक्षा वर उचललेलं, आणि दोन छपरांच्या मधल्या पट्टीत झरोके. तापलेली हवा वर चढून तिथून बाहेर जायची, व्हरांड्याच्या उताराने पाऊस भिंतीपासून लांब पडायचा. स्वयंपाकघर मूळ घरात नव्हतंच. ते मागे, वेगळ्या छपराखाली, मध्ये पत्र्याने झाकलेली वाट.

नाशिकला सरकारचं घर म्हणजे काय हे त्याआधीही माहीत होतं, पण ते घर वेगळं होतं. सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा गावाच्या पोटात, गोदावरीच्या अंगाला उभा आहे. बाजार दारात, नदी हाकेच्या अंतरावर. पूर किती आला हे नाशिककर आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर मोजतात. वाड्याची सदर रस्त्याला जवळ असते. फिर्याद घेऊन आलेला माणूस थेट जोत्यापर्यंत येतो, आणि घरातल्यांचं जगणं आतल्या चौकात सरकतं. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा स्वतंत्र झाला, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी घरं बांधली ती गावाबाहेर, पश्चिमेच्या मोकळ्या माळावर. तिकडेच शरणपूर हे मिशनचं गाव होतं. आफ्रिकेतून सोडवून आणलेल्या गुलामांची मुलं तिथल्या शाळेत शिकत, आणि आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्यातलेच काही जण सोबत होते. गोल्फ क्लबच्या मैदानाभोवतीच्या भागात आजही शासकीय बंगले आहेत ते याच ओळीत. बंगल्यात सदर नाही, चौक नाही. त्याऐवजी चहूबाजूंनी आवार आहे, फाटक आहे, आणि फाटकापासून पोर्चपर्यंतचं अंतर आहे. अर्ज घेऊन आलेल्याला ते अंतर चालून जावं लागतं. कुठवर यायचं हे व्हरांड्याची पहिली पायरी ठरवते. वाडा जमलेल्या माणसांत उभा राहून अधिकार दाखवतो, बंगला माणसं लांब ठेवून.

आता बंगल्याचं वय. नाशिकमध्ये कुठलाही जुना सरकारी बंगला दाखवा, कुणीतरी सांगणारच, "हा जॅक्सनचा." ए. एम. टी. जॅक्सन हे नाशिकचे कलेक्टर, संस्कृतचे जाणकार. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिकच्या आठवणीतली ही एवढी मोठी घटना, तेव्हा तिचा एक धागा प्रत्येक जुन्या भिंतीला जोडला जाणं स्वाभाविक आहे. आमच्या बंगल्याच्या माळीकाकांनी तर जॅक्सन कुठल्या खिडकीत बसायचा हेही दाखवलं.

याला दुजोरा म्हणून दाखवलं जाई ते एक कौल. मागच्या आवारात उतरवून ठेवलेल्या कौलांत एकावर 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असं उठावाचं लिखाण होतं. झालं, बंगला १८६५ चा! एका जुन्या टिपणातही हे साल गेलेलं आढळलं. पण ते साल कौल भाजल्याचं नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कारखाना काढला ते साल १८६५, आणि पुढे वर्षानुवर्षं कौलांच्या साच्यात तेच उमटत राहिलं. शिवाय कौलं बदलत राहतात, वानरं फोडतात, नवी येतात. कौलावरून इमारतीचं वय काढणं म्हणजे उंबऱ्यातल्या चपलांवरून घरात कोण जन्माला आलं ते ठरवणं.

खरा पुरावा सापडला मधल्या दालनामागच्या खोलीत. ही बहुधा दप्तराची खोली. तिचं छत सपाट: लोखंडी गर्डर ओळीने टाकलेले आणि प्रत्येक दोन गर्डरमध्ये विटांची बसकी कमान. चुन्याचे थर खरवडल्यावर एका गर्डरच्या पोटावर 'टाटा' ही रोमन अक्षरं दिसली. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पहिलं पोलाद निघालं ते १९१२ मध्ये. गर्डर नंतर बदलला असेल का? तेही पाहिलं. गर्डरच्या टोकाखालचा बैठकीचा दगड, त्याभोवतीचा चुना, विटांच्या कमानीचा उगम, कुठेही तोडफोड करून पुन्हा भरल्याची खूण नव्हती. आणि या खोलीची भिंत मधल्या दालनाच्या भिंतीत दगडाला दगड गुंतवून एकसलग चढवलेली होती. म्हणजे दोन्ही एकाच बांधकामातल्या. जॅक्सन या घरात राहिलेले असूच शकत नाहीत. माळीकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग दुसरा कुणी साहेब बसत असंल तिथं." खिडकी मात्र त्यांनी सोडली नाही.

वयाचा हा शोध हौस म्हणून केला नव्हता. इमारत १८६५ ची धरली की 'दीडशे वर्षं झाली, आयुष्य संपलं' असं वाक्य आपोआप लिहिलं जातं, आणि प्रस्तावात ते लिहिलेलंच होतं. शिवाय चुन्यातल्या दगडी भिंतीचं आयुष्य असं सालांत मोजत नाहीत. पाणी कुठून येतं आणि कुठून जातं यावर ते मोजतात.

न्हाणीघरांकडे वळण्याआधी त्यांच्या दारांबद्दल थोडं. प्रत्येक न्हाणीघराला दोन दारं होती, एक आतून, कपड्यांच्या खोलीतून, आणि एक थेट बाहेर, मागच्या अंगणात. बाहेरचं दार अरुंद, त्याच्यापुढे दोन पायऱ्या. संडासाची पाटी उचलायला येणारा माणूस आणि पाणी भरणारा माणूस या दाराने यायचे-जायचे, घराच्या कुठल्याही खोलीत पाऊल न टाकता. नकाशात हे दार लहानशी फट म्हणून दिसतं. पण या घराची अख्खी मांडणी या फटीवर उभी आहे: साहेब पुढून, अर्जदार व्हरांड्यापर्यंत, खानसामा झाकलेल्या वाटेने, आणि मैला वाहणारा मागच्या दाराने. चार प्रकारच्या माणसांसाठी चार वाटा, आणि त्या एकमेकींना कुठेही छेदत नाहीत. असा विटाळाचा हिशेब वाड्यातही होताच. इंग्रजी नकाशाने तो तसाच उचलून दगडात पक्का केला. मधल्या दालनाच्या भिंतीत, वर, रुपयाएवढं भोक आहे. त्याच्या कडा गुळगुळीत झिजल्यात. तिथून पंख्याची दोरी बाहेर जायची आणि पंखा ओढणारा माणूस व्हरांड्यात बसायचा. ज्याला वारा हवा तो आत, वारा करणारा बाहेर. दगडाला दोरीचा घास लागलेला हाताला समजतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ.

फ्लशचे संडास आले तेव्हा जुनी न्हाणीघरं अपुरी पडली. मागच्या भिंतीला टेकवून आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची, नवी न्हाणीघरं बांधली गेली, सपाट स्लॅबची. स्लॅबचं एक टोक जुन्या दगडी भिंतीत खाच पाडून घुसवलं. स्लॅबवर पाण्याची टाकी ठेवली, पुढे तिची जागा काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीने घेतली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या कौलारू उताराचं सगळं पाणी या सपाट स्लॅबवर येऊन पडू लागलं. पूर्वी वळचणीचं पाणी अंगणात पडून वाहून जायचं. आता ते स्लॅबवर साचतं, टाकीच्या गळतीत मिसळतं आणि स्लॅब जिथे भिंतीत घुसलाय त्या खाचेतून भिंतीच्या पोटात उतरतं. सळईवरचं काँक्रीटचं आवरण पातळ होतं, त्यामुळे ओल सळईपर्यंत पोचली. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. त्याने आतून ढकलून पोपडे पाडले. फोटोत दिसत होतं ते हेच.

ऑडिटच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे, म्हणजे आपटून किती उसळतो यावरून मजबुती मोजणाऱ्या हातोड्याचे आकडे होते, ध्वनिलहरी आरपार सोडून करायच्या अल्ट्रासॉनिक चाचणीचेही. वाईट होते, आणि खरे होते. पण या दोन्ही चाचण्या काँक्रीटसाठी आहेत. चुन्यातल्या दगडी भिंतीला हातोडा लावून काही कळत नाही. एका दगडावर उसळी चांगली येईल, शेजारच्या सांध्यावर हातोडा रुतेल. त्यामुळे चाचण्या झाल्या त्या फक्त जिथे काँक्रीट आहे तिथे, म्हणजे न्हाणीघरांत. आणि निष्कर्ष लिहिला गेला 'इमारतीची' अवस्था म्हणून. नंतर चिकटवलेल्या भागाचं आजारपण मूळ घराच्या नावावर लागलं. यात कुणाची लबाडी होती असं मला वाटत नाही. अहवालाचा छापील नमुनाच आरसीसी इमारतींचा असतो. त्यात दगडी भिंतीसाठी रकाना नसतो, कैचीसाठी नसतो, कौलासाठी नसतो. ज्याला रकाना नाही ते तपासलं जात नाही.

मग आम्ही जे तपासलं ते साधंच होतं. भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, आहेत का? आहेत, पोर्चच्या एका खांबाचा अपवाद सोडून. कैच्यांची टोकं जिथे भिंतीत बसतात तिथलं लाकूड टोचून पाहिलं, कारण सागवान सडतं ते बहुतेक वेळा तिथेच. न्हाणीघरांकडच्या दोन कैच्यांची टोकं मऊ लागली, बाकीची ठणठणीत. वाळवी होती, पण कौलांखालच्या रिपांत आणि फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांत. जुन्या सागाला तिने फारसा हात लावला नव्हता.

फॉल्स सीलिंग हा स्वतंत्र विषय आहे. कुठल्याशा साहेबांच्या काळात मधल्या दालनाला पीओपीचं छत आलं, कारण एसी लावला तर अठरा फुटांची उंची थंड कशी होणार? बरोबरच आहे. पण त्यामुळे झरोके छताच्या वर अडकले. ते बंदच झाले. कैच्या अंधारात गेल्या आणि गळती कुठून होते ते दिसेनासं झालं. थेंब आधी पीओपीवर पडतो, तिथून सरकतो आणि तिसऱ्याच ठिकाणी डाग पाडतो. मिस्त्री डागाच्या वरचं कौल बदलतो, जे चांगलंच असतं. व्हरांडाही काचा आणि ॲल्युमिनियमने बंद करून तिथे भेटीची खोली झाली, त्यामुळे आतल्या खोल्यांना वारा उरला नाही. दालनात फायरप्लेस आहे. नाशिकची, त्यातही निफाडकडची थंडी ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचं नवल वाटणार नाही. आता त्यात टीव्ही बसवलाय, आणि वर धुराड्याचं तोंड झाकायचं राहून गेल्यामुळे पावसाचं पाणी टीव्हीच्या मागच्या भिंतीत झिरपतं.

आणि सिमेंट. भिंतींना खालून चार फुटांपर्यंत ओल चढली होती, गिलाव्याला लोणा फुटला होता. त्यावर उपाय म्हणून जुना चुन्याचा गिलावा खरडून सिमेंटचा केला, वर ऑइल पेंट मारला. ओल मग त्याच्याही वर, सात-आठ फुटांवर जाऊन फुटली. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं, म्हणून ती बाहेर पडायला वाट मिळेपर्यंत वर चढत राहते. आमच्यासोबत चुन्याचं काम जाणणारे एक वयस्कर गवंडी होते. त्यांनी सिमेंटचा एक तुकडा छिन्नीने उडवला, मागचा दगड तळहाताने दाबून पाहिला, हात माझ्यापुढे धरला. तळवा ओला होता. म्हणाले, "साहेब, हे बंद केलंय म्हणून ओलंय. उघडं ठेवा, दोन उन्हाळ्यांत सुकंल." त्यांनी सगळ्या घरासाठी सांगितलेला उपाय तेवढाच होता.

एवढी बिघाड करणारी दुरुस्ती होते कशी, हे पाहिल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. शासकीय निवासस्थानात राहणारा माणूस मालक नसतो आणि भाडेकरूही नसतो. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानुसार एका पदावर साधारण तीन वर्षं. पहिलं वर्ष घर लावण्यात जातं, तिसरं वर्ष बदलीच्या वाटेकडे डोळे लावण्यात. उरलेल्या काळात जी दुरुस्ती मागितली जाते ती राहणाऱ्याला जाणवणारी असते: टाइल्स, रंग, गिझर, एसी. पन्हळी साफ करा, वळचणीची फुटकी कौलं बदला, भिंतीच्या कडेने पाणी साचू देऊ नका, अशी मागणी कुणी करत नाही, कारण तिचा फायदा पुढच्याच्या पुढच्या साहेबांना होणार असतो. त्यात दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याचा दर लगेच सापडतो. चुन्याच्या गिलाव्याचं काम घातलं की दरपृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याचा बाबवार हिशेब, मागतात, चुना कुठून आणणार विचारतात, आणि मार्चअखेर निधी परत जायची भीती असते. सिमेंट लिहिलं की काम चालू होतं. म्हणून सिमेंट लिहिलं जातं. दर तीन वर्षांनी थोडी थोडी चुकीची दुरुस्ती, आणि पन्नास वर्षांनी ती सगळी एकत्र बेरजेला येते आणि तिला 'जीर्ण' म्हणतात.

मोठ्या वास्तू यातून सुटतात, कारण त्यांना दुसरा उपयोग शोधण्याइतकं त्यांचं नाव मोठं असतं. पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या वेळी १८६४ ला सुरू होऊन १८७१ ला पुरं झालेलं गव्हर्नरचं निवासस्थान आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्यावरच्या खर्चावरून तेव्हा टीकाही झाली होती. मुंबईत परळचं गव्हर्नमेंट हाउस: १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे कॉलऱ्याने गेल्या, त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला, आणि १८९९ मध्ये प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळच्या त्याच वास्तूत आली. आज ती हाफकिन संस्था. जिल्ह्याच्या गावचा एकमजली बंगला मात्र कुठल्याच यादीत नसतो. त्याची जागा मोक्याची असते, आणि तिथे बहुमजली निवासस्थानं बसतील हे गणित कुणालाही पटकन जमतं. आमच्या फाईलमध्येही शेवटच्या पानावर पेन्सिलने असं एक गणित केलेलं होतं. ते गैर नाही, कर्मचाऱ्यांना घरं हवीच आहेत. पण ते गणित उघड लिहावं, धोकादायक इमारतीच्या आडून नव्हे.

आमचा अहवाल शेवटी असा गेला: निर्लेखन फक्त मागच्या आरसीसी न्हाणीघरांचं करा. मूळ दगडी इमारत भक्कम आहे. न्हाणीघरं भिंतीपासून सुटी, स्वतःच्या पायावर, मध्ये फट ठेवून नव्याने बांधा, आणि छपराचं पाणी पन्हळीतून थेट जमिनीवरच्या गटारात न्या. दोन कैच्यांची सडलेली टोकं कापून नवं सागवान सांधा. फॉल्स सीलिंग काढा, झरोके उघडा. एसी हवा असेल तर तो झोपायच्या खोल्यांत, तिथलं छत मुळातच खाली आहे. सिमेंटचा गिलावा उतरवा, भिंती एक उन्हाळा उघड्या सुकू द्या, मग चुना. व्हरांडा निम्मा उघडा करा. भेटायला येणाऱ्यांना बसायला निम्मा पुरतो.

न्हाणीघरांच्या बाहेरच्या दारांवर मात्र आमच्यातच एकमत झालं नाही. माझी सहकारी म्हणत होती, बुजवा, ती लाज आहे आणि चोरालाही सोयीची. माझं म्हणणं होतं की दारं राहू द्यावीत, आतून कुलूप घालावं, कारण ती गेली की हे घर कुणाच्या श्रमावर चालायचं ते नकाशातून पुसलं जाईल. अहवालात दोन्ही मतं लिहिली. खात्याने तिसरंच केलं: एक दार बुजवलं, दुसऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी जाळीचा कप्पा बसवला.

मूळ इमारतीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. मागच्या भागाचा मंजूर झाला. छप्पर आणि पन्हळींचं काम पावसाच्या तोंडावर उरकलं, आणि पहिल्या जोराच्या पावसात दालनात थेंबही आला नाही. फक्त धुराड्यातून आला, कारण ती बाब अंदाजपत्रकात टाकायची राहिली होती. फॉल्स सीलिंग निघालं. नवे साहेब आले आहेत, त्यांना दालन आवडलं, पण दिवाळीत भिंती सोललेल्या दिसतात म्हणून त्यांनी लगेच रंग मागितला. एक उन्हाळा थांबायचं आहे हे त्यांना लेखी कळवलं आहे. चुन्याच्या गिलाव्याचं दरपृथक्करण अजून मंजुरीला आहे, आणि गवंडीबाबांनी चुना भिजत घालायचा हौद मागच्या अंगणात बांधून ठेवला आहे.